पॅकेजचं नवं व्हर्जन काढताना: मागे घेता येणारी कामं आधी, पब्लिश शेवटी

पायपीआयवर (पायथनची पॅकेजं जिथे ठेवली जातात त्या साइटवर) एखाद्या पॅकेजचं १.४.० चढवलं की त्या फाइलचं नाव कायमचं खर्ची पडतं. नंतर चूक दिसली म्हणून ती फाइल डिलीट केली, तरी त्याच नावाची दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येत नाही. साइट ती सरळ नाकारते. रिलीजची सगळी पद्धत या एका नियमाभोवती बसवावी लागते. कोड बदलता येतो, चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, पुन्हा लिहिता येतो, ब्रँच टाकून देता येते, पुश न केलेला टॅग पुसता येतो. पब्लिश झालेलं व्हर्जन मात्र कोणाच्या तरी मशीनवर पोचलेलं असतं, आणि तिथून ते आपल्याला परत आणता येत नाही. म्हणून मी कामांचा क्रम असा लावतो: जे मागे घेता येतं ते सगळं आधी, निवांतपणे, जे मागे घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

वागळे इस्टेटपासून महापे-ऐरोलीपर्यंत अशा कितीतरी छोट्या टीम आहेत, ज्यांनी स्वतःच्या गरजेपोटी एखादं पॅकेज लिहिलं आणि इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून ते खुलं केलं. पहिलं व्हर्जन उत्साहात चढतं. खरी जबाबदारी दुसऱ्यापासून सुरू होते, कारण आता ते कोणीतरी वापरत असतं. हा लेख त्या दुसऱ्या आणि पुढच्या व्हर्जनसाठी आहे. उदाहरणं पायथनची आहेत. एनपीएमवाल्यांना, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं काढणाऱ्यांना, वेगळं काय करावं लागेल ते शेवटाकडे सांगतो.

उदाहरणाला आमचंच पॅकेज घेतो. ठाण्यातले आम्ही काही जण मिळून ते सांभाळतो. काम साधं आहे: बिलातल्या ओळींवरून जीएसटी काढणं, रक्कम रुपयात आणणं आणि जीएसटीआयएन नीट आहे का ते तपासणं. पंधरा अक्षरं, सुरुवातीला राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, मग पॅन, शेवटी तपासणीचं अक्षर. ते वापरणारे दोन प्रकारचे आहेत. एक, महाप्यात बिलिंग सॉफ्टवेअर करणारे प्रोग्रॅमर. दुसरे, तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या पेढ्यांवरचे लोक, ज्यांच्यासमोर ते सॉफ्टवेअर चालतं. या दुसऱ्या लोकांना पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. रिलीज करताना मी त्यांनाच डोळ्यासमोर ठेवतो.

आकडा कोणता द्यायचा

तीन आकड्यांची पद्धत बहुतेकांना माहीत असते. जुनं काही मोडत असेल तर पहिला आकडा वाढवायचा, जुनं तसंच ठेवून नवं काही आलं तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. वाचायला हे सोपं आहे, पण खऱ्या बदलासमोर बसल्यावर निर्णय अवघड होतो. म्हणून एक बदल जवळून पाहू.

मसाला मार्केटमधल्या एका पेढीवरच्या अकाउंटंटचा निरोप आला: “दादा, हाताने केलं की ४१३ येतात, बिलात ४१२ का?” माल १६,५०० रुपयांचा, विक्री महाराष्ट्रातच, मिरचीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी. अडीच टक्के म्हणजे ४१२ रुपये ५० पैसे. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे पैसे ५० किंवा त्याहून जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे उत्तर ४१३. पण पायथनचं राउंड हे फंक्शन बरोबर मधोमध असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून ते ४१२ देतं. ४१३.५० असते तर दोन्ही रीतींनी ४१४च आले असते. त्यामुळे असा फरक काही बिलांत दिसतो, काहींत दिसत नाही, आणि महिनोन्महिने कोणाच्या नजरेला पडत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे: डेसिमल वापरायचं आणि राउंडिंगची रीत हाफ-अप ठेवायची. प्रश्न आकड्याचा आहे. उत्तर चुकीचं होतं, म्हणजे हा बग, म्हणजे तिसरा आकडा वाढवून १.३.२ काढावं, असं कोणीही म्हणेल. मला ते पटत नाही. तिसरा आकडा वाढला की लोक डोळे मिटून अपग्रेड करतात, बऱ्याच ठिकाणी तर ते आपोआप होतं. मग सोमवारी छापलेल्या बिलात ४१२ आणि मंगळवारी त्याच बिलाच्या दुसऱ्या प्रतीत ४१३. पेढीवरच्या माणसाला यातला बग दिसत नाही, त्याला हिशेब जुळत नाही एवढंच दिसतं.

म्हणून मी ते दोन टप्प्यांत नेतो. १.४.० मध्ये राउंडिंगची रीत निवडायचा नवा पर्याय येतो, पण डिफॉल्ट जुनाच राहतो. पर्याय न देता फंक्शन वापरलं तर इशारा येतो. २.०.० मध्ये डिफॉल्ट बदलतो. ज्याला आजच बरोबर उत्तर हवंय त्याने १.४.० घेऊन एक शब्द लिहावा. ज्याला वेळ हवाय त्याला वेळ मिळतो. चूक सुरक्षेची असती, म्हणजे कोणाचा डेटा उघडा पडत असता, तर मी असं थांबलो नसतो; तिथे दुरुस्ती तिसऱ्याच आकड्यात आणि लगेच बाहेर जायला हवी.

इशाऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट. पायथनचा डेप्रिकेशनवॉर्निंग लायब्ररीच्या आतून आला तर एरवी दिसतच नाही. मुख्य स्क्रिप्टमधून थेट आलेलाच तेवढा दिसतो. उत्तर बदलणार असेल तर फ्युचरवॉर्निंग द्यावा, तो सगळ्यांना दिसतो. शिवाय इशाऱ्याच्या मजकुरात काय करायचं ते लिहावं. “ही रीत बदलणार आहे” एवढ्याने कोणाचं काम होत नाही. “राउंडिंगसाठी हाफ-अप लिहा, २.०.० पासून तोच डिफॉल्ट असेल” असं असलं की वाचणारा दोन मिनिटांत मोकळा होतो.

पॅकेज अजून ०.७ वगैरेवर असेल तर नियमाप्रमाणे काहीही बदलायची मुभा असते. पण त्यावर कोणाची बिलं छापली जात असतील तर ती मुभा कागदावरचीच. १.० काढा आणि वचन पाळायला लागा.

जुन्या पायथनचा आधार काढताना

हा भाग लोक घाईत उरकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पायथन ३.९ चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. पुढच्या व्हर्जनमध्ये तो सोडायचा असेल तर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलमध्ये रिक्वायर्स-पायथनची अट ३.१० किंवा त्यापुढचं अशी करा. पिप ही अट वाचतं आणि दुकानातल्या जुन्या मशीनवर ३.९ असेल तर त्याला आपोआप तुमचं मागचं व्हर्जन देतं. काहीच मोडत नाही. अट लिहायला विसरलात आणि कोडमध्ये नवी रचना वापरलीत, तर त्याच मशीनवर नवं व्हर्जन उतरतं आणि इम्पोर्टलाच पडतं.

याच ओळीत वरची मर्यादा मात्र घालू नका. “३.१४ पेक्षा कमी” असं लिहिलं की ३.१४ वाल्याला स्पष्ट चूक दिसत नाही. पिप मागे मागे जात तुमचं असं एखादं जुनं व्हर्जन शोधतं ज्यात ती मर्यादा नव्हती, आणि तेच बसवतं. त्या माणसाला वाटतं आपण ताजं घेतलं.

चेंजलॉग

चेंजलॉग रिलीजच्या दिवशी लिहायला बसलं की तो कमिटच्या यादीवरून उचलला जातो, आणि कमिटची यादी टीमसाठी असते, वापरणाऱ्यासाठी नाही. फाइलच्या डोक्यावर “अप्रकाशित” असं शीर्षक कायम ठेवा, आणि बदल मर्ज करतानाच त्याखाली एक-दोन ओळी लिहिल्याशिवाय मर्ज होऊ देऊ नका. रिलीजच्या दिवशी मग शीर्षकाच्या जागी आकडा आणि तारीख घालायची एवढंच उरतं.

आमच्या त्या बदलाची नोंद अशी आहे: “कराची रक्कम रुपयात आणण्यासाठी राउंडिंग हा नवा पर्याय. हाफ-अप दिल्यास ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरला जातो. उदाहरण: ४१२.५० चे ४१३. पर्याय न दिल्यास पूर्वीप्रमाणेच ४१२. २.०.० मध्ये हाफ-अप हाच डिफॉल्ट होईल.” यात फंक्शनच्या आत काय बदललं त्याचा एक शब्द नाही, आणि तो नसावाच. वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: माझ्या आकड्यांवर परिणाम होतो का, आणि मला काही करायचं आहे का.

बिल्ड करा आणि उघडून बघा

रिलीजसाठी वेगळी ब्रँच काढा, आकडा बदला, आणि तिच्यात नवं काहीही घेऊ नका. “एवढं एक छोटंसं घेऊया का” हा आग्रह याच वेळी होतो. ते पुढच्या व्हर्जनला.

आकडा एकाच ठिकाणी लिहिलेला असावा. टॉमल फाइलमध्ये असेल तर कोडमधून तो इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटाने वाचा. दोन ठिकाणी लिहिला की कधीतरी एक बदलतो आणि दुसरा राहतो.

डिस्ट फोल्डर आधी रिकामं करा. जुन्या फाइल तिथे पडून राहिल्या तर अपलोड करताना त्याही सोबत जायला निघतात. मग पायथनचं बिल्ड मॉड्यूल चालवा. काही न सांगता चालवलं की ते आधी सोर्सचं पॅकेज बनवतं आणि त्यातून व्हील, म्हणजे थेट बसवता येणारी फाइल, बनवतं. हे चांगलं आहे, कारण सोर्स पॅकेजमध्ये एखादी फाइल राहून गेली असेल तर ते इथेच कळतं. त्यानंतर ट्वाइन या अपलोडच्या साधनाचं चेक चालवा. पण ट्वाइन चेकवर विसंबू नका. पायपीआयच्या पानावर तुमचं वर्णन नीट दिसेल की नाही एवढंच ते बघतं. कोडशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हील ही एक झिप फाइल असते. ती उघडा आणि आतली यादी डोळ्यांनी वाचा. आमच्या पॅकेजमध्ये राज्यांच्या कोडची एक जेसन फाइल आहे. अशी डेटा फाइल टॉमलमध्ये सांगितली नाही तर बिल्ड कुरकुर न करता तिला वगळू शकतं. तुमच्या मशीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या येतात, कारण टेस्ट रेपोच्या (मूळ कोडच्या) फोल्डरमधून चालतात आणि तिथे ती फाइल असते. पेढीवरच्या मशीनवर मात्र पहिल्याच जीएसटीआयएनला प्रोग्रॅम पडतो.

म्हणून टेस्ट व्हीलवर चालवायच्या. रेपोच्या बाहेर, भलत्याच फोल्डरमध्ये, नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात ती व्हील बसवा, टेस्टचं फोल्डर तेवढं तिथे कॉपी करा आणि मग चालवा. कोड एसआरसी फोल्डरच्या आत ठेवायची रीत याच कारणासाठी चांगली: रेपोतला कोड चुकून इम्पोर्ट होत नाही. तुमच्या यादीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं पायथन, दोन्हींवर हे करा. वापरणारे विंडोजवर असतील तर विंडोजवरही. मराठी अक्षरं असलेली फाइल एनकोडिंग न सांगता उघडली की मॅकवर चालते आणि विंडोजवर अडते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे.

आधी एकाला द्या

१.४.० च्या आधी १.४.०आरसी१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, चाचणीसाठीचं व्हर्जन) काढा. आकड्यात आरसी असलं की पिप ते आपणहून कोणाला देत नाही. मुद्दाम मागणाऱ्यालाच मिळतं. त्यामुळे खऱ्या पायपीआयवर चढवूनही बाकीच्यांना धक्का लागत नाही. महाप्यातल्या एका टीमला आम्ही आधीच विचारून ठेवलेलं असतं. ते मागच्या महिन्याची बिलं आरसीवर पुन्हा चालवतात आणि बेरजा ताडून बघतात. शंभर टेस्ट लिहूनही जे सापडत नाही ते अशा खऱ्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडतं, कारण सवलत, परत आलेला माल, शून्य रकमेची ओळ असल्या गोष्टी टेस्ट लिहिणाऱ्याला सुचत नाहीत.

टेस्टपायपीआय ही वेगळी साइट आहे, तिचं खातंही वेगळं. अपलोडची सगळी साखळी पहिल्यांदा जोडताना ती उपयोगी पडते. तिथून बसवताना डिपेंडन्सी (तुमच्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं) मात्र तिथून ओढू नका. त्या साइटवर ओळखीच्या नावाने कोणीही काहीही ठेवू शकतं. डिपेंडन्सी खऱ्या पायपीआयवरून आधी बसवा आणि मग नो-डेप्स देऊन फक्त तुमचं पॅकेज तिथून घ्या.

टॅग आणि पब्लिश

व्ही१.४.० असा अॅनोटेटेड टॅग द्या आणि पुश करा. पुश केलेला टॅग पुन्हा हलवायचा नाही. चुकीच्या कमिटवर पडला असेल तर आकडा सोडून द्या आणि पुढचा घ्या. आकडे फुकट असतात.

पब्लिश कोणाच्याही लॅपटॉपवरून होऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (चोरवाट) सापडलं. ते जागं करणारा एक तुकडा गिटमध्ये नव्हताच, तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोक उतरवून घेतात त्या बांधलेल्या फाइलमध्ये, होता. कोड वाचणारे गिट वाचत होते आणि बसवणारे टारबॉल बसवत होते. टॅगवरून सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड झालं आणि तिथूनच चढलं, तर काय कुठून बनलं याचा माग राहतो.

यासाठी पायपीआयची ट्रस्टेड पब्लिशिंगची सोय एप्रिल २०२३ पासून आहे. पॅकेजच्या सेटिंगमध्ये गिटहबचं खातं, रेपो, वर्कफ्लो फाइलचं नाव आणि एन्व्हायर्नमेंटचं नाव भरायचं. मग कायमचं टोकन कुठेही साठवावं लागत नाही. चढवण्याच्या वेळी पंधरा मिनिटं चालणारं टोकन मिळतं. वर्कफ्लोमध्ये बिल्ड आणि पब्लिश हे दोन वेगळे जॉब ठेवा आणि आयडी-टोकनची परवानगी फक्त पब्लिशच्या जॉबला द्या. बिल्ड करताना बाहेरची बरीच साधनं चालतात, त्यांच्या हाताला ही परवानगी लागायला नको.

बाहेरच्या अॅक्शन (वर्कफ्लोमध्ये वापरायचे दुसऱ्यांनी लिहिलेले तुकडे) टॅगच्या नावाने नाही, कमिटच्या पूर्ण हॅशने लिहा. मार्च २०२५ मध्ये टीजे-अॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या अॅक्शनचे टॅग हल्लेखोरांनी दुसऱ्याच कमिटवर वळवले आणि ती वापरणाऱ्यांची गुपितं लॉगमध्ये छापली गेली.

गिटहबच्या त्या एन्व्हायर्नमेंटला दुसऱ्या माणसाची मंजुरी लावा. आमच्यात रिलीज तयार करणारा स्वतः मंजुरी देत नाही. दुसरा माणूस व्हीलमधली यादी, चेंजलॉग आणि आकडा बघतो, मग बटण दाबतो. पायपीआयवर १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांना टू-फॅक्टर सक्तीचं आहे. त्याचे रिकव्हरी कोड एकाच माणसाच्या फोनमध्ये अडकू देऊ नका, आणि पॅकेजला किमान दोन ओनर ठेवा.

कोणत्या दिवशी

हे पॅकेजच्या वापरणाऱ्यांवर अवलंबून आहे. आमच्या लोकांची महिन्याची ११ आणि २० तारीख अडकलेली असते, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकराला आणि ३बी वीसला असतं. त्यामुळे आम्ही साधारण २२ ते २७ मधला मंगळवार किंवा बुधवार धरतो. शुक्रवारी संध्याकाळी नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर नाहीच. ठाण्यातले निम्मे लोक कोकणाच्या गाडीत असतात, आणि काही बिघडलं तर फोन कोण उचलणार?

चढवल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, कारण कॅशमुळे नवं व्हर्जन सगळीकडे लगेच दिसत नाही. मग स्वच्छ एन्व्हायर्नमेंटमध्ये पायपीआयवरूनच बसवून एक बिल करून बघा. त्यानंतरच गिटहबवर रिलीजची नोंद टाका आणि लोकांना कळवा.

बिघडलंच तर

डिलीट करू नका, यँक करा. यँक केलेलं व्हर्जन पिप नव्याने कोणाला देत नाही, पण ज्याने दोन बरोबरच्या चिन्हांनी नेमकं तेच लिहून ठेवलंय त्याचं इन्स्टॉल चालू राहतं. डिलीट केलं तर त्याचं सगळं बिल्ड बंद पडतं. यँक करताना कारण लिहायची जागा असते, तिथे “राज्यांच्या कोडची फाइल राहिली, १.४.१ घ्या” असं स्पष्ट लिहा. मग १.४.१ काढा, वरची सगळी वाट पुन्हा चालून. घाईत काढलेली दुरुस्तीच दुसऱ्यांदा मोडते.

एनपीएमवर मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि जगभरातली बिल्डं पडली. त्यानंतर तिथे ७२ तासांनी काढणं अवघड केलं गेलं. काढलं तरी तो आकडा पुन्हा वापरता येत नाहीच. एनपीएमवाल्यांनी व्हील उघडण्याच्या जागी एनपीएम पॅक करून आतली यादी बघावी, बीटा काढताना नेक्स्ट हा टॅग द्यावा म्हणजे तो लेटेस्टवर जाऊन बसत नाही, आणि काही बिघडलं तर डेप्रिकेट वापरावं. बाकीचा क्रम तोच.

जुनी शाखा किती दिवस

२.०.० निघालं तरी १.४ लगेच सोडून देता येत नाही. हिशेबाचं पॅकेज असल्यामुळे आम्ही डिफॉल्ट वर्षाच्या मध्ये बदलत नाही, २.०.० एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर. गेल्या वर्षाचं वार्षिक रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-९, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं, आणि ते भरताना जुनी बिलं जुन्याच रीतीने पुन्हा काढावी लागतात. म्हणून १.४ च्या शाखेवर डिसेंबरअखेरपर्यंत दुरुस्त्या येत राहतात. फक्त दुरुस्त्या, नवं काही नाही. ही तारीख रीडमीमध्ये वरच्या भागात लिहिलेली असते, आणि २.०.० च्या चेंजलॉगची पहिली ओळही तीच असेल.